दुभाष्या जेव्हा डॉक्टर होतो: मधुसूदन गुप्त आणि वैद्यकाच्या भाषेचा प्रश्न



भारतातील आधुनिक वैद्यकशिक्षणाचा इतिहास वाचताना एक प्रसंग तुम्हाला बहुतेक पुस्तकांत भेटेल. १८३६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये पंडित मधुसूदन गुप्त यांनी मानवी शवाचे विच्छेदन केले. उच्चवर्णीय हिंदूने शवाला हात लावणे त्या काळी धर्मबाह्य मानले जात असल्यामुळे ही घटना जुन्या समजुतींवरील विजय म्हणून सांगितली जाते. काही ग्रंथ या घटनेची तारीख १० जानेवारी देतात, काही २८ ऑक्टोबर. त्या दिवशी फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी दिली गेली, अशी कथाही सांगतात. अशी कथा समोर आली की तिला समकालीन पुरावा काय, हे आधी विचारायचे, ही सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

या पाठात आपण त्या एका दिवसाऐवजी मधुसूदन गुप्त यांचे संपूर्ण काम पाहणार आहोत. ते डॉक्टर होण्याच्या आधी भाषांतरकार होते. डॉक्टर झाल्यावरही त्यांनी भाषांतर सोडले नाही. त्यामुळे त्यांच्या चरित्रातून एक मोठा प्रश्न तपासता येतो: डॉक्टर आणि रोगी यांच्या मध्ये उभा असलेला दुभाष्या स्वतः डॉक्टर झाला, तर रोग्याच्या वाट्याला काय येते?

मध्ये उभा असलेला माणूस

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत हजारो हिंदी शिपाई होते आणि त्यांच्यासाठी नेमलेले युरोपीय सर्जन मोजके होते. सर्जनला शिपायाची बोली येत नसे आणि शिपायाला इंग्रजी येत नसे. दोघांच्या मध्ये ‘नेटिव्ह डॉक्टर’ नावाचा हिंदी मदतनीस असे. मलमपट्टी करणे, औषध देणे ही त्याची कामे. त्याबरोबरच रोग्याची तक्रार साहेबाला सांगणे आणि साहेबाचा हुकूम रोग्याला समजावणे हेही त्याच्याकडेच येई.

हे काम किती नाजूक आहे, याचा अंदाज आपल्याच भाषेवरून घ्या. मराठी माणूस दुखण्याला एकच शब्द वापरत नाही. पोटात मुरडा येतो, पाठीत चमक भरते, दाढ ठणकते, डोळे चुरचुरतात, अंगात कणकण असते, छातीत कळ येते. यांतला प्रत्येक शब्द दुखण्याची जागा, वेग आणि जात सांगतो. मधल्या माणसाने या सगळ्यांचे ‘दुखते आहे’ एवढेच केले, तर रोगाचे निदान करण्यासाठी लागणारी अर्धी माहिती वाटेतच गळून जाते. तक्रार नीट पोहोचवायची असेल तर मधल्या माणसाला शब्दांच्या बरोबरीने शरीरही कळावे लागते. चांगल्या दुभाष्याला थोडे वैद्यक यावेच लागते, ते असे.

देशी भाषांतील पहिल्या वैद्यकशाळा

या गरजेतून कंपनी सरकारने १८२२ साली कलकत्त्यात ‘नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन’ काढली. सुरुवातीला २० विद्यार्थी घेण्याची योजना होती. शिक्षणाचे माध्यम हिंदुस्तानी होते. संस्थेचे प्रमुख पीटर ब्रेटन यांनी विद्यार्थ्यांसाठी देशी भाषांत पुस्तिका तयार केल्या. शरीराच्या अवयवांची आणि वैद्यकीय संज्ञांची नावे इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी आणि संस्कृत या भाषांत देणारा एक शब्दसंग्रहही त्यांनी छापला. नव्या विद्येची पहिली गरज शब्दसंग्रह ही होती, हे लक्षात ठेवा.

मुंबईतही याच धर्तीवर १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एक वैद्यकशाळा सुरू झाली. तिच्यासाठी मराठी आणि गुजरातीत पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले. १८३२ साली ती शाळा बंद पडली.

कलकत्त्यात दरम्यान आणखी एक पाऊल पडले. १८२६-२७च्या सुमारास संस्कृत कॉलेज आणि मदरसा या दोन संस्थांत वैद्यकाचे वर्ग निघाले. संस्कृत कॉलेजात आयुर्वेदाच्या ग्रंथांबरोबर युरोपीय शरीररचनाशास्त्राची ओळख करून दिली जाई, मदरशात युनानी ग्रंथांबरोबर. याच संस्कृत कॉलेजात मधुसूदन गुप्त घडले.

पंडित आणि भाषांतरकार

मधुसूदन यांचा जन्म १८००च्या सुमारास हुगळी जिल्ह्यातील बैद्यबाटी येथे झाला. घराणे वैद्यांचे होते. संस्कृत कॉलेजच्या वैद्यकवर्गात ते विद्यार्थी म्हणून आले आणि १८३० साली त्याच वर्गाचे अध्यापक झाले. तेथे असताना त्यांनी रॉबर्ट हूपर यांच्या शरीररचनेवरील इंग्रजी हस्तपुस्तकाचे संस्कृतात भाषांतर केले. त्याच पुस्तकाचे अरबी भाषांतर जॉन टायटलर यांनी केले. हे टायटलर ब्रेटन यांच्यानंतर नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशनचे प्रमुख झाले होते. म्हणजे एक इंग्रजी पुस्तक एकाच काळात, एकाच शहरात संस्कृत आणि अरबी या दोन शास्त्रभाषांत उतरत होते.

मधुसूदन यांचे दुसरे मोठे काम सुश्रुतसंहितेच्या मुद्रित आवृत्तीचे संपादन. ती १८३५-३६ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. हूपर आणि सुश्रुत या दोन ग्रंथांवर एकाच माणसाने काम करावे, हा योगायोग नाही. युरोपीय शरीररचनेसाठी संस्कृत शब्द हवे असतील तर ते प्राचीन ग्रंथांतच शोधावे लागत. सुश्रुताने शवाचे निरीक्षण करण्याची रीत सांगितलेली आहे, हेही अशा अभ्यासकाला ठाऊक असणारच. १८३६च्या विच्छेदनाला ‘परंपरेशी संपूर्ण फारकत’ म्हणण्यापूर्वी ही गोष्ट विचारात घ्या.

पण एक मुद्दा नजरेआड करू नका. हे भाषांतर संस्कृतात होते. बंगालच्या गावातील शेतकऱ्याला, त्याच्या घरातील बाळंतिणीला किंवा पलटणीतल्या शिपायाला संस्कृत समजत नव्हते. पंडित आणि युरोपीय विद्वान यांच्यातील अंतर या भाषांतराने कमी केले. रोगी जिथे होता तिथेच राहिला. ज्ञान कोणाकडे जाणार, हे ते कोणत्या भाषेत जाते यावर ठरते.

१८३५चा निर्णय

१८३३ साली गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक यांनी वैद्यकशिक्षणाची पाहणी करण्यासाठी एक समिती नेमली. तिच्यात चार्ल्स ट्रेव्हेलियन आणि रामकमल सेन हेही होते. समितीपुढे दोन मते आली. टायटलर यांचे म्हणणे होते की देशी भाषांतून शिकवणे शक्य आहे आणि तसेच ते चालू राहावे. मिशनरी अलेक्झांडर डफ यांनी इंग्रजी माध्यमाची बाजू घेतली. समितीने इंग्रजीचा पक्ष उचलून धरला.

२८ जानेवारी १८३५ रोजी सरकारी आदेश निघाला. नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन आणि संस्कृत कॉलेज व मदरसा येथील वैद्यकवर्ग बंद झाले. त्यांच्या जागी इंग्रजी माध्यमाचे नवे मेडिकल कॉलेज स्थापन करण्यात आले. आता तारखा जुळवून पाहा. मेकॉले यांचे शिक्षणविषयक प्रसिद्ध टिपण २ फेब्रुवारी १८३५चे आहे आणि बेंटिंक यांचा त्यावरील ठराव ७ मार्चचा. वैद्यकाच्या भाषेचा निकाल मेकॉले यांच्या टिपणाच्या आधीच लागलेला होता. परीक्षेत सर्व बदलांचे मूळ मेकॉलेंच्या टिपणात शोधणारे उत्तर म्हणूनच अपुरे ठरते.

इंग्रजीच्या समर्थकांची बाजूही प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवी. नवे वैद्यक वेगाने बदलत होते. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या भाषांतरासाठी थांबले तर शिक्षण सतत मागे राहील, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. दुसऱ्या बाजूला, इंग्रजी शिकण्याची संधी असलेले तरुण मोठ्या शहरांत होते आणि संख्येने थोडे होते. इंग्रजीची अट घालताच डॉक्टर कोण होऊ शकेल, याचे वर्तुळ आखले गेले.

पलीकडे जाणे आणि परत येणे

संस्कृत कॉलेजचा वर्ग बंद झाल्यावर मधुसूदन यांना नव्या मेडिकल कॉलेजात घेण्यात आले. तेथे शरीररचनेच्या अध्यापनात ते डॉ. हेन्री गुडिव्ह यांचे सहायक होते. याच काळात विच्छेदनाचा प्रसंग घडला. पुढची घटना मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. १८४० साली, वयाच्या चाळिशीच्या आसपास, या अध्यापकाने स्वतः परीक्षा दिली आणि डॉक्टरकीची पात्रता मिळवली. ज्या कॉलेजात ते शिकवत होते, तेथेच ते परीक्षार्थी झाले. हूपरचे पुस्तक भाषांतरित केलेल्या, सुश्रुत संपादित केलेल्या पंडिताच्या विद्येला नव्या व्यवस्थेत मान हवा असेल तर ही पायरी चढणे भाग होते.

यानंतर ते कोणत्या दिशेने गेले ते पाहा. कॉलेजात १८३९पासून पलटणींसाठी हिंदुस्तानी माध्यमाचा वर्ग सुरू झाला होता. देशी भाषेचा दरवाजा १८३५मध्ये बंद केल्यावर चारच वर्षांत तो किलकिला करावा लागला, कारण इंग्रजी शिकलेले थोडे डॉक्टर पलटणींच्या आणि दवाखान्यांच्या गरजेला पुरणार नव्हते. मधुसूदन यांच्याकडे पुढे या वर्गाची जबाबदारी आली. १८५२ साली बंगाली माध्यमाचा वर्ग निघाला, तेव्हा तोही त्यांच्याकडे सोपवला गेला. लंडन फार्माकोपिया या औषधग्रंथाचे त्यांचे बंगाली भाषांतर १८४९ साली झाले आणि शरीररचनेवरील त्यांचे बंगाली पुस्तक १८५३ साली आले. १८५६ साली त्यांचे निधन झाले.

आता त्यांच्या आयुष्याचा क्रम एका ओळीत मांडता येतो: इंग्रजीतून संस्कृतात, मग स्वतः इंग्रजी व्यवस्थेत, आणि शेवटी इंग्रजीतून बंगालीत. रोग्याच्या दृष्टीने यातला तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. एक मधुसूदन डॉक्टर झाल्याने त्यांच्यासमोर बसलेल्या रोग्याला दुभाष्या लागेनासा झाला. त्यांनी बंगालीत वर्ग चालवला आणि पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनी कधीही न पाहिलेल्या रोग्यांनाही त्यांच्या भाषेत विचारपूस करणारा माणूस मिळण्याची सोय झाली. विच्छेदनाचा प्रसंग गाजला, बंगाली वर्ग मात्र विस्मरणात गेला. आपल्या इतिहासलेखनात धाडसाला जेवढी जागा मिळते तेवढी टिकाऊ सोयीला मिळत नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

दोन पायऱ्यांची व्यवस्था

चित्राची दुसरी बाजूही पाहू. इंग्रजी वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी सब-असिस्टंट सर्जन होई. हिंदुस्तानी किंवा बंगाली वर्गातून बाहेर पडणारा नेटिव्ह डॉक्टर होई. या पदाला पुढे हॉस्पिटल असिस्टंट म्हणू लागले. दुसऱ्याचा पगार कमी, हुद्दा खालचा आणि बढतीची वाट अरुंद. लहान गावांतल्या दवाखान्यांत लोकांना प्रत्यक्ष भेटणारा बहुधा हाच दुसरा असे. रोग्याची भाषा जाणणे हे कामाच्या दृष्टीने मोलाचे होते, पण हुद्द्याच्या दृष्टीने ती कमीपणाची खूण झाली.

पहिल्या पायरीच्याही वर युरोपीय अधिकारी होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसची भरती १८५५ साली स्पर्धापरीक्षेने खुली झाली, पण परीक्षा लंडनला होती. त्या पहिल्याच वर्षी कलकत्ता मेडिकल कॉलेजचे माजी विद्यार्थी सूर्यकुमार चक्रवर्ती निवडले गेले. ते १८४५ साली गुडिव्ह यांच्याबरोबर इंग्लंडला गेलेल्या चार विद्यार्थ्यांपैकी एक होते. अशी उदाहरणे अभिमानाची आहेत. मात्र वर पोहोचलेल्या एकाच्या नावावरून खाली राहिलेल्या शेकडोंची स्थिती ठरवता येत नाही.

मुंबई इलाख्यातील धागा

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. माध्यम इंग्रजी होते. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. येथेही पुढे कलकत्त्याचीच पुनरावृत्ती झाली: १८६०च्या दशकात मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग काढावे लागले. या देशी वर्गात शिकवणाऱ्यांत डॉ. सखाराम अर्जुन होते. त्यांनी वैद्यकावर मराठीतून लेखन केले. त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई लंडनला शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेला स्त्रियांच्या रुग्णालयात अनेक वर्षे काम केले.

रखमाबाईंच्या उल्लेखाने आपण दुभाष्याच्या एका वेगळ्या प्रकाराकडे येतो. घरातील स्त्री आजारी पडली की तिची तक्रार अनेकदा नवरा, सासरा किंवा दीर डॉक्टरला सांगे. भाषा सगळ्यांची एकच असे, तरी मध्ये दुभाष्या उभाच असे. जे बाईने पुरुषाला सांगायचे नाही असे संकेत होते, ते त्याच्यामार्फत डॉक्टरपर्यंत पोहोचत नसे. प्रसूतीशी आणि गर्भाशयाशी संबंधित आजार यामुळे लपून राहत.

हे अंतर तोडण्यासाठी आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. जाण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी श्रीरामपूर येथे इंग्रजीत भाषण केले आणि हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज असल्याचे सांगितले. मधुसूदन यांचे बैद्यबाटी या श्रीरामपूरला लागूनच आहे. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. भाषांतराची दिशा येथे उलट झाली; भारतीय ग्रंथांतील ज्ञान अमेरिकन परीक्षकांपुढे इंग्रजीत मांडले गेले. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक हाती असताना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे क्षयाने निधन झाले. त्या वेळी त्या २१ वर्षांच्या होत्या.

त्यांच्या मृत्यूने जे थांबले त्याचा विचार करा. त्या आल्या असत्या तर कोल्हापूरच्या स्त्रियांना आपली तक्रार आपल्या भाषेत, मध्ये कोणी न ठेवता सांगता आली असती. ज्या व्यवस्थेत सगळी भिस्त एका असामान्य व्यक्तीवर असते, तिथे त्या व्यक्तीबरोबर सोयही जाते. मधुसूदन गेल्यावर बंगाली वर्ग बंद पडला नाही. १८७३ साली तो सियालदा येथील स्वतंत्र वैद्यकशाळेत गेला. व्यक्ती आणि संस्था यांतला फरक हाच.

हा प्रश्न आज कुठे आहे?

२०१९पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत सत्रात स्थानिक भाषेच्या शिक्षणाला जागा आहे. परराज्यातून आलेल्या विद्यार्थ्याला रोग्याशी बोलता यावे, हा त्यामागचा हेतू. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात एमबीबीएसची हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांत अनेक इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या आहेत. संस्कृत शब्द घडवायचे की रुळलेला परका शब्द ठेवायचा, हा मधुसूदन यांच्या टेबलावरचाच प्रश्न आहे. याविषयी मत बनवण्यापूर्वी एक कसोटी लावून पाहा: या शब्दामुळे विद्यार्थ्याला शिकणे सोपे होते का, आणि रोग्याला समजणे सोपे होते का? ही दोन्ही उत्तरे प्रत्येक वेळी सारखीच येतील असे नाही.

हा प्रश्न राज्यभाषांपाशीही संपत नाही. गडचिरोलीत मराठी ही सरकारी दवाखान्याची भाषा आहे, पण माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या आजीसाठी ती परकीच. तिच्यासोबत शाळेत शिकणारी नात येते आणि मध्ये उभी राहते. तुमच्यापैकी अनेकांनी आजी-आजोबांसाठी हे काम केले असेल. दवाखान्यातील हा बिनपगारी दुभाष्या कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. तुम्ही सार्वजनिक आरोग्याचा इतिहास लिहाल, तेव्हा त्याची नोंद कशी मिळवायची, हा तुमच्यापुढचा खरा संशोधनप्रश्न आहे.

थोडक्यात

दुभाष्या डॉक्टर झाल्याने एका रोग्यापुढचा अडथळा दूर होतो. सर्वांसाठी तो दूर व्हायचा असेल तर शिकवण्याची भाषा, पुस्तके, हुद्दे आणि पगार या चारही गोष्टी बदलाव्या लागतात. मधुसूदन गुप्त यांनी पहिल्या दोन गोष्टी हाती घेतल्या. उरलेल्या दोन सरकारच्या हाती होत्या आणि तेथे समता आली नाही.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. २८ जानेवारी, २ फेब्रुवारी आणि ७ मार्च १८३५ या तीन तारखांच्या आधारे वैद्यकशिक्षणातील माध्यमबदलाची कारणमीमांसा करा.

२. संस्कृतातील आणि बंगालीतील वैद्यक-भाषांतर यांचे वाचक कोण होते? दोन्हींचा सामाजिक परिणाम वेगळा का ठरला?

३. ‘रोग्याची भाषा येणारा डॉक्टर खालच्या हुद्द्यावर राहिला.’ या विधानाची चर्चा करा.

४. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात किती भाषा बोलल्या जातात आणि दुभाष्याचे काम कोण करते, याची पाहणी करा. रोग्यांची नावे न नोंदवता एक पानाचा अहवाल लिहा.